कॉलेजचं रेडिओ केंद्र बहुतांश स्वयंसेवकच चालवतात. प्रक्षेपणात खंड पडू नये म्हणून काय करावं?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. परीक्षा आल्या की स्टुडिओकडे कुणी फिरकत नाही, आणि एरवीही अधूनमधून पाच-दहा मिनिटं नुसती शांतता जाते. दुसरी आधी मिटवा, ती सोपी आहे.

शांतता पकडणं हे माणसाचं काम नव्हे. प्लेआउटला, म्हणजे कार्यक्रम ठरल्या वेळी आपोआप वाजवायला, रिव्हेंडेल हे सॉफ्टवेअर घ्या नाहीतर लिब्रटाइम (दोन्ही फुकट), पण ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या लाइनवर सायलेन्स डिटेक्टर, म्हणजे शांतता ओळखणारी यंत्रणा, हवाच. आवाज सलग २०-३० सेकंद −४० डीबीच्या खाली राहिला की राखीव प्लेअर आपोआप सुरू झाला पाहिजे. ही मुदत ५ सेकंदांवर आणू नका, नाटकातल्या विरामालाही तो बिघाड समजेल. डिटेक्टर आणि राखीव प्लेअर प्लेआउटच्या संगणकात ठेवू नका; तो अडकला की तिन्ही एकदम जातात.

निवेदकाच्या हेडफोनमध्ये आवाज मिक्सरचा द्या, रेडिओ सेटचा नको. डिजिटल प्रोसेसरमधून फिरून आलेला स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू आला की चांगला बोलणाराही अडखळतो. साधा रेडिओ मात्र स्टुडिओबाहेर कायम चालू असू द्या, कारण मिक्सरचे दिवे नाचताहेत म्हणजे प्रक्षेपण होतंय असं नाही. माइक डायनॅमिक बरा. कंडेन्सर पंख्याचा आवाजही इमानेइतबारे टिपतो. तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका. पाहुण्याचा लॅपटॉप जोडताच घरघर सुरू झाली तर चार्जर काढून पाहा; थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून गोंगाट शिरतोय; आवाजाच्या वायरीत मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

आता माणसं. हे खरं दुखणं.

सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक निवेदकाकडून अर्ध्या तासाचे दोन राखीव कार्यक्रम घ्या. ते जमा झाल्याशिवाय वेळ द्यायची नाही. १५ निवेदक असतील तर १५ तास जमतात, रोज दोन तास वापरले तर आठवडा निघतो. त्यात तारीख, वार, हवामान, ‘उद्या भेटूच’ असलं काही नको. हे ‘उद्या भेटूच’ हमखास राहून जातं, म्हणून जमा करण्याआधी दुसऱ्याने शेवटची दोन मिनिटं ऐकावीत. तरीही सगळी मदार विद्यार्थ्यांवर ठेवणं मला चुकीचंच वाटतं. केंद्र कॉलेजचं असलं तरी समुदायाचंही आहे ना? मग निवृत्त शिक्षक, परिसरातल्या गृहिणी, दुकानदार यांना निदान एक तृतीयांश पाळ्या द्या. त्यांना परीक्षा नसतात. प्रत्येक पाळीला दोन नावं लावा, एक जुनं, एक नवं, आणि नव्यांत पहिल्या वर्षाची मुलं घ्या. शेवटच्या वर्षाचा तयार होईतो निरोप समारंभ येतो.

जाताना तो प्लेआउटचा पासवर्डही डोक्यातून घेऊन जातो. हा पासवर्ड बंद पाकिटात कॉलेजच्या कार्यालयात हवा आणि दर सत्राला बदलायला हवा.