बी.ए. झाल्यावर आयटीआय करणं म्हणजे मागे जाणं का?

"मॅडम, पदवी झालीय. आता आयटीआय केलं तर मागे गेल्यासारखं होईल ना?" प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच.

हा मुलगा २४ वर्षांचा, मराठवाड्यातून चाकणला आलेला. कंत्राटदारामार्फत पॅकिंगला. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरी कंपनी, नवा गेटपास. वडील फोनवर म्हणायचे, "बी.ए. करून पाना धरणार का?"

त्यानं खिशातून पगाराची चिठ्ठी काढली. घड्या पडून मऊ झालेला कागद. नावाखाली लिहिलं होतं: अकुशल. त्याला वाटत होतं, लिहिताना चूक झालीय.

चूक नव्हती. किमान वेतनातले अकुशल, अर्धकुशल, कुशल हे गट कामावरून ठरतात, पदवीवरून नाही. हे ऐकल्यावर तो बराच वेळ त्या शब्दावर बोट ठेवून बसला. तीन वर्षं कॉलेजात घालवलेल्या पोराला हे आधी कुणीच सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, दोन वर्षांचा, दहावीच्या गुणांवर प्रवेश. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीलाही तो चालतो. पण नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नकोस, असं मी त्याला बजावलं. आधी वर्कशॉप बघून ये, आणि पास झाल्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप सोडू नकोस. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं त्यात विद्यावेतनही मिळतं. तो दोन ठिकाणी जाऊन आला. एका ठिकाणी सरावाच्या इलेक्ट्रिक मोटरींवर धुळीचा थर होता. त्यानं दुसरं निवडलं.

सुरुवातीला जड गेलं. संध्याकाळी दुकानात काम, दिवसा सोळा वर्षांच्या मुलांशेजारी बसायचं. पण दिवाळीपर्यंत तीच मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायला "दादा, दादा" करत त्याच्याकडे यायला लागली. इंग्रजी मॅन्युअलही तोच वाचून सांगायचा. पदवी कामाला आली ती अशी.

आज तो एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. अजून कंत्राटीच, हे लपवत नाही. पण लाइन बंद पडली की पहिला फोन त्याला जातो, आणि चिठ्ठीवर 'कुशल' लिहिलेलं असतं.

मागच्या आठवड्यात तो विचारायला आला होता, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल, तर अर्ज करता येतो. पण नोकरी सोडायची त्याची इतक्यात तयारी नाही, आणि मीही घाई केली नाही.