टेस्ट लाल झाली, पण का ते सांगते का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न जावातल्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) आणि हॅमक्रेस्ट या मॅचर लायब्ररीबद्दल आले आहेत. मॅचर म्हणजे मिळालेली किंमत कशी असावी ते सांगणारी अट. टेस्ट फेल झाली की लाल दिसते, पास झाली की हिरवी. कोडमधली नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत.

प्रश्न : आमचे होमस्टे बुकिंगचे सॉफ्टवेअर आहे. साडेतीनशेच्या वर टेस्ट आहेत आणि जवळपास सगळीकडे असर्टट्रू (अट खरी आहे का एवढेच पाहणारी तपासणी) वापरले आहे. टेस्ट चालतात. मग मॅचर शिकण्याची खटपट का करायची? – एक वाचक, म्हापसा

टेस्ट पास होत असते तोवर कसेही लिहिले तरी चालते. फरक कळतो तो ती फेल झाल्यावर. असर्टट्रू(खोल्या.कंटेन्स("१०३")) ही ओळ फेल झाली की जेयुनिट ५ (जावात टेस्ट चालवणारे साधन) एवढेच सांगते : ट्रू अपेक्षित होते, फॉल्स मिळाले. जेयुनिट ४ तर तेवढेही सांगत नाही, नुसता असर्शनएरर फेकते. यादीत काय होते, ती रिकामी होती की १०३ ऐवजी दुसरी खोली आली, हे शोधायला डीबगर (कोड थांबवून आतल्या किमती दाखवणारे साधन) उघडावा लागतो. बिल्ड सर्व्हरवर रात्री फेल झालेल्या टेस्टला तर डीबगरही लावता येत नाही.

तीच तपासणी असर्टदॅट(खोल्या, हॅजआयटम("१०३")) अशी लिहा. आता फेल झाल्यावर दोन ओळी येतात. "एक्स्पेक्टेड"पुढे, "१०३" असलेला संग्रह हवा होता. "बट"पुढे, प्रत्यक्षात "१०१" आणि "१०२" मिळाले. निम्मे काम तिथेच झाले. ओळ वाचायला सोपी होते हा फायदा आहेच, पण आमच्या मते मॅचरची खरी किंमत या निरोपात आहे.

साडेतीनशे टेस्ट एका बैठकीत बदलू नका. जी टेस्ट फेल होईल, तिला हात लावाल तेव्हाच ती बदला. बदलताना क्रमाकडे लक्ष द्या. जेयुनिटच्या असर्टइक्वल्समध्ये अपेक्षित किंमत आधी आणि मिळालेली नंतर येते, असर्टदॅटमध्ये मिळालेली आधी आणि मॅचर नंतर. घाईत उलटे लिहिले तर टेस्ट बरोबर ठिकाणी फेल होते, पण निरोप उलटा येतो आणि माणूस भलत्याच दिशेने शोधत बसतो. लूपमध्ये असर्शन (म्हणजे अशी तपासणी) असेल तर असर्टदॅटचे तीन आर्ग्युमेंटचे रूप वापरा. पहिल्या जागी बुकिंग क्रमांक दिलात की कोणत्या फेरीत चुकले ते कळते.

प्रश्न : हॅजआयटम्स, कंटेन्स आणि कंटेन्सइनएनीऑर्डर यांत नेहमी गोंधळ होतो. – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, फर्मागुडी

गोव्याच्या तालुक्यांची यादी घ्या. तिसवाडी, बार्देश, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण, सालसेत, मुरगाव : एकूण १२.

हॅजआयटम्स("फोंडा", "केपे") म्हणजे हे दोन असले की पुरे, बाकी काहीही असो. कंटेन्स म्हणजे दिलेले सगळे, त्याच क्रमाने, एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. जावाच्या यादीतल्या कंटेन्स मेथडचा अर्थ "यात हे आहे का" असा आहे आणि मॅचरचा अर्थ त्याहून कितीतरी कडक आहे, म्हणून गोंधळ होतो. कंटेन्सइनएनीऑर्डरला नेमके तेच बारा हवेत, क्रम कोणताही चालतो. डेटाबेसच्या क्वेरीत ऑर्डर बाय नसेल तर हाच वापरा. कंटेन्स लावलात तर टेस्ट तुमच्या मशिनवर पास होईल आणि दुसरीकडे कधीतरी फेल होईल.

अपेक्षित किमती आधीच एका यादीत असतील तर ती यादी जशीच्या तशी कंटेन्सला देऊ नका. तो पूर्ण यादीलाच एक घटक समजतो. तिथे इक्वलटू(यादी) लिहा किंवा यादीचा ॲरे करून द्या. आणि तपासायची वस्तूच ॲरे असेल तर कंटेन्सऐवजी ॲरेकंटेनिंग.

आणखी एक सापळा एव्हरीआयटमचा. "प्रत्येक तालुक्याचे नाव भरलेले आहे" असे एव्हरीआयटमने तपासले आणि यादीच रिकामी आली, तर टेस्ट पास होते, कारण नियम मोडणारा एकही घटक सापडत नाही. क्वेरी तुटली तरी टेस्ट हिरवीच. एव्हरीआयटमच्या वरच्या ओळीत हॅजसाइझ(१२), निदान नॉट(एम्प्टी()), हवेच.

प्रश्न : काजू खरेदीच्या बिलात रक्कम बरोबर येते, तरी टेस्ट फेल होते. दर किलोला १४५.४० रुपये, वजन १२.५ किलो. निरोपात अपेक्षित १८१७.५० आणि मिळाले १८१७.५०० असे दिसते. – एक वाचक, वाळपई

बिगडेसिमल (जावातला नेमक्या दशांश आकड्यांचा प्रकार) याचा गुणाकार दशांश स्थळांची बेरीज करतो. दराला दोन स्थळे, वजनाला एक, म्हणून उत्तराला तीन. बिगडेसिमलची इक्वल्स मेथड किमतीबरोबर स्थळेही जुळवते आणि इक्वलटू हा मॅचर तीच मेथड वापरतो. नुसती किंमत जुळवायची असेल तर कम्पेअर्सइक्वलटू(न्यू बिगडेसिमल("१८१७.५०")) लिहा. आकडा अवतरणातच ठेवा. अवतरण काढलेत तर तो आधी डबल (जावातला दुसरा, कमी नेमका दशांश प्रकार) होतो आणि १४५.४० सारखी रक्कम डबलमध्ये नेमकी बसत नाही.

पण बागायतदाराच्या हाती जाणाऱ्या पावतीवर दोनच स्थळे छापायची असतील, तर ही टेस्ट योग्य कारणासाठी फेल झाली आहे. तिथे मॅचर सैल करू नका. कोडमध्ये सेटस्केल (दशांश स्थळे ठरवणारी मेथड) लावा, राउंडिंग कसे करायचे ते ठरवा आणि इक्वलटू तसाच ठेवा. क्लोजटू (थोडा फरक चालवून घेणारा मॅचर) मोजमापासाठी ठीक आहे, पैशाच्या हिशेबात त्याला थारा देऊ नये.

प्रश्न : हा प्रकार आम्हाला चक्रावून टाकणारा वाटतो. एक्स्पेक्टेड "शेतकऱ्याचे नाव", बट वॉज "शेतकऱ्याचे नाव". दोन्ही अक्षरन् अक्षर सारखे, तरी टेस्ट फेल. – सहकारी सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर करणारा गट, साखळी

मॅचरचे काही चुकलेले नाही. डोळ्यांना सारखा दिसणारा "ऱ्य" युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. पहिली तऱ्हा : ऱ हे स्वतंत्र चिन्ह, क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग य. दुसरी : साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसरी : साधा र, हलन्त, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र-ची कळ दाबली की पहिली तऱ्हा उमटते. इतर कळफलकांतून, किंवा जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेल्या मजकुरातून, बाकीच्या दोन येऊ शकतात.

खात्री करायला दोन्ही स्ट्रिंगची लेंग्थ छापा. "शेतकऱ्याचे" हा शब्द पहिल्या तऱ्हेने १० भरतो, दुसऱ्या-तिसऱ्या तऱ्हेने ११.

जावातला नॉर्मलायझर (युनिकोड मजकूर एकरूप करणारा क्लास) एनएफसी या जोडलेल्या रूपात चालवला की दुसरी तऱ्हा पहिलीत बदलते. तिसरी बदलत नाही, कारण युनिकोडच्या नियमाने ती समतुल्य धरलेली नाही. तिच्यासाठी र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त असे स्वतः बदलावे लागते. सगळे जॉइनर सरसकट पुसू नका. मराठीत काही जोडाक्षरांचे रूप त्यांच्यावरच अवलंबून असते.

हे प्रत्येक टेस्टमध्ये लिहिण्यापेक्षा स्वतःचा मॅचर करा. टाइपसेफडायग्नोझिंगमॅचर हा क्लास स्ट्रिंगसाठी एक्स्टेंड करा. कन्स्ट्रक्टरमध्ये अपेक्षित मजकूर घ्या. मॅचेससेफली मेथडमध्ये दोन्ही बाजूंना आधी एनएफसी, मग वरचा बदल, मग तुलना. जुळले तर ट्रू. नाही जुळले तर हाती आलेल्या डिस्क्रिप्शनमध्ये मिळालेली किंमत, तिची लांबी आणि पहिला फरक कितव्या जागी आहे ते लिहा आणि फॉल्स परत करा. डिस्क्राइबटूमध्ये "मराठी मजकूर" आणि अपेक्षित किंमत. हा भाग "एक्स्पेक्टेड"पुढे छापला जातो, म्हणून तिथे पूर्ण वाक्य लिहू नका. शेवटी मराठीतसमान(...) अशी स्टॅटिक मेथड ठेवा, म्हणजे टेस्टमध्ये न्यू लिहावे लागत नाही. नल आला तर हा क्लास तो स्वतःच नाकारतो.

दोन पथ्ये पाळा. मॅचरच्या आत मागच्या तुलनेचा निकाल साठवू नका, कारण एव्हरीआयटमसारखे मॅचर तीच वस्तू पुन्हा पुन्हा वापरतात. आणि "मडगाव" व "मडगांव" यांना हा मॅचर समान मानणार नाही, मानूही नये. तो लेखनातला फरक आहे आणि तो नोंदवहीत सुधारायचा असतो. तऱ्हांच्या बाबतीतही कायमचा उपाय मजकूर साठवतानाच एकरूप करणे हा. टेस्टमध्ये दोन रूपे समान मानलीत आणि डेटाबेसमध्ये तशीच राहू दिलीत, तर शोध घेताना निम्मे शेतकरी सापडणार नाहीत.

प्रश्न : असर्शन फेल होते तेव्हा निरोपाऐवजी नोसचमेथडएरर येतो, त्यात डिस्क्राइबमिसमॅच असे नाव असते. पास होणाऱ्या टेस्टना काहीच त्रास नाही. – एक वाचिका, वास्को

तुमच्या क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते त्या जागांत) हॅमक्रेस्टच्या दोन आवृत्त्या आहेत. डिस्क्राइबमिसमॅच ही मेथड १.१ मध्ये नव्हती आणि ती फक्त फेल झाल्यावरच बोलावली जाते, म्हणून पास होणाऱ्या टेस्टमध्ये काही कळत नाही. नेहमीचे कारण मॉकिटो-ऑल (टेस्टसाठी नकली वस्तू बनवणारी लायब्ररी) : त्याच्या १.९ च्या जारमध्ये (लायब्ररीच्या फाइलमध्ये) हॅमक्रेस्ट १.१ चे क्लास आतच बांधलेले आहेत. ते काढून मॉकिटो-कोअर घ्या. मेव्हन या बिल्ड साधनात डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणती आणते त्याची यादी) छापून पाहा. जेयुनिट ४.१३ स्वतःबरोबर हॅमक्रेस्ट-कोअर १.३ आणते, ते एक्सक्लूड करा आणि हॅमक्रेस्ट या एकाच नावाची २.२ किंवा ३.० आवृत्ती ठेवा. २.१ पासून कोअर आणि लायब्ररी असे वेगळे जार लागत नाहीत.

प्रश्न : नवा प्रकल्प सुरू करतोय. हॅमक्रेस्ट घ्यावे की असर्टजे? – एक वाचक, वेर्णा

साध्या युनिट टेस्टसाठी असर्टजे ही दुसरी असर्शन लायब्ररी. टिंब दिले की एडिटर त्या टाइपला लागू असलेल्याच तपासण्या सुचवतो, नवख्याला नावे पाठ करावी लागत नाहीत. पण रेस्ट ॲशुअर्ड, स्प्रिंगचे मॉकएमव्हीसी किंवा अँड्रॉइडचे एस्प्रेसो ही टेस्टची साधने वापरणार असाल तर हॅमक्रेस्टचे मॅचर यावेच लागतील, कारण ती साधने मॅचरची वस्तूच आर्ग्युमेंट म्हणून घेतात. दोन्ही एका प्रकल्पात नांदतात. एका फाइलमध्ये मात्र दोन्हींचे असर्टदॅट इम्पोर्ट करू नका. आणि रेस्ट ॲशुअर्डमध्ये जेसनमधला दशांश आकडा डीफॉल्टने फ्लोट म्हणून येतो, तेव्हा इज(१२.५एफ) असे लिहा. एफ विसरलात तर डबल आणि फ्लोटची तुलना होऊन टेस्ट फेल होते.