लॅपटॉप नंतर, आधी स्पीकरवर हात

तुम्ही विचारलंय की वस्तीतल्या मुलांना दर रविवारी फुकट इलेक्ट्रॉनिक म्युझिक शिकवायचंय, वीसेक मुलं येतील, त्यात एक मुलगा अंध आहे आणि एक मुलगी कर्णबधिर, हातात २० हजार आहेत तर सेकंडहँड लॅपटॉप किती घ्यावेत. मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॅपटॉप एकच घ्या. बाकीचे पैसे मोठ्या वूफरच्या एका स्पीकरला, छोट्या ऑडिओ मिक्सरला (अनेक आवाज एकत्र करून स्पीकरला देणारा) आणि तापकीर गल्लीला, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजाराला. लॅपटॉपपासून सुरुवात केली की ज्याला स्क्रीन दिसते आणि मेनूतलं इंग्रजी वाचता येतं तोच माऊस धरतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात, आणि दुसऱ्या रविवारी ते येतच नाहीत. हे मी स्वतः करून पस्तावलेय.

पहिल्या दिवशी मी स्पीकर लाकडी बाकावर आडवा ठेवते. मोबाइलवर टोन जनरेटरचं फुकट अ‍ॅप मिळतं, दोन फोन मिक्सरला जोडायचे, एकावर ५५ हर्ट्झ, दुसऱ्यावर ५७, आणि सगळ्यांनी बाकावर तळहात टेकायचे. दोन सुरांत २ हर्ट्झचा फरक म्हणून सेकंदाला दोन ठोके पडतात, ५७ चे ५६ केले की एकच, आणि दोन्ही जुळले की ठोके थांबतात. तंबोरा लावताना आपण हेच ऐकतो ना, तेच इथे हाताला लागतं. माझ्याकडे एक दहा वर्षांची मुलगी यायची, अजिबात ऐकू यायचं नाही, तिने एक हात बाकावर ठेवून दुसऱ्या हाताने आकडा सरकवत सरकवत बरोब्बर जुळवलं आणि मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. ढोल पथकात वाजवणारी दोन मोठी पोरं शेजारी होती, त्यांचं अजून चाललंच होतं. त्या दिवसापासून सूर लावायचं काम तिचंच! आवाज मात्र बेताचाच ठेवा, बाकीच्यांच्या कानांचाही विचार करा, कोणी श्रवणयंत्र लावत असेल तर त्याला त्रास होतोय का हे विचारत राहा. आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर हे जमणार नाही, एवढा खालचा आवाज त्यातून निघतच नाही.

तापकीर गल्लीत पिएझो डिस्क मिळतात, पितळी चकतीसारख्या, अगदी स्वस्त. वायर सोल्डर करून जॅक लावला की झाला कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे वस्तूला चिकटवून तिचं कंपन पकडणारा माइक. जोड पटकन सुटतो म्हणून वरून इन्सुलेशन टेप लावा. आणि गिटारच्या इनपुटलाच जोडा, साध्या माइकच्या इनपुटला आवाज पातळ येतो. स्टीलचा डबा, खिडकीचा गज, सायकलची तार, कशालाही चिकटवा, मुलं घरून वस्तू आणायला लागतात.

आता तो अंध मुलगा. त्याला शेजारी मदतनीस बसवून माऊस मदतनीसाच्या हातात देऊ नका, त्याने तो मुलगा फक्त सांगणारा होतो, करणारा नाही. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी २००६ मध्ये सुरू केलेला. त्याच्या जोडीला रीपर हे म्युझिक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यावर ओसारा नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाका. मग ट्रॅक, व्हॉल्यूम, सगळं बोलून सांगितलं जातं. स्पेस दाबलं की प्ले, कंट्रोल-आर ने रेकॉर्ड, कंट्रोल-टी ने नवीन ट्रॅक, एस ने क्लिप कापायची. ह्या चार गोष्टी मी सगळ्याच मुलांना स्क्रीन बंद करून शिकवते, कारण तोंडी सांगितलेलं इंग्रजी न वाचणाऱ्यालाही जमतं, आणि तो मुलगा एकटा वेगळा पडत नाही, उलट आठवड्याभरात बाकीचे त्यालाच विचारायला लागतात.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला एका हॉलमध्ये वर्कशॉप घेतलं, हॉल फुकट मिळाला म्हणून मी खूश, पण तो पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. व्हीलचेअरवरच्या एका मुलाला दोघांनी उचलून वर नेलं, सगळ्यांसमोर. तो छान शिकला, हसला पण, आणि पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या आईला फोन केला तर म्हणाली, त्याला उचललेलं आवडत नाही. त्याला आधी विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. तेव्हापासून आधी जागा बघते, तळमजला आहे का, बाथरूमपर्यंत पायरी आहे का, आणि मग तारीख ठरवते. वेळ वस्तीतल्या बायकांना विचारून ठरवा, पाणी येण्याच्या वेळेला ठेवलंत तर मोठ्या मुली येणार नाहीत.

सोल्डरिंग गन आणि दोन जास्तीचे जॅक माझ्याकडे पडून आहेत, सिंहगड रोडला येऊन घेऊन जा, वापरून झाले की परत द्या.