कंबर वाकली नाही, म्हणून इजा नाही?

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातील ऊसतोड कामगार आहे. तोडणीला जाताना पिकअप उलटून कंबरेला मार लागला. मोटार अपघात दाव्यात विमा कंपनीच्या डॉक्टरांनी पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेवरून ‘मणक्यात अस्थिरता नाही’ असे लिहिले आहे. कळ येत असल्याने मला तेव्हा नीट वाकताच आले नव्हते. आता काय करावे?

उत्तर : अहवाल खोटा ठरवण्याच्या मागे आपण लागू नये, तो अपुऱ्या हालचालीवर बेतलेला आहे, एवढे दाखवले तरी त्याचे वजन घटते. या तपासणीत बाजूने दोन फिल्म घेऊन एक मणका दुसऱ्यावरून किती सरकतो ते मोजतात आणि साधारणतः ३ ते ४.५ मिलिमीटरहून अधिक सरकणे हे अस्थिरतेचे लक्षण मानतात. परंतु स्नायू आखडलेला रुग्ण कमरेऐवजी खुब्यातून वाकतो; पाहणाऱ्याला तो वाकलेला दिसतो, मणके मात्र जागचे हलत नाहीत. म्हणूनच काही डॉक्टर रुग्णाला कुशीवर निजवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून फिल्म काढतात, तर काही जण उभ्याने काढलेली फिल्म उताण्या स्थितीतील फिल्मशी ताडून पाहतात.

तेव्हा उलटतपासात आपल्या वकिलांनी हे विचारावे : फिल्म उभ्याने काढली की निजवून, रुग्ण किती वाकला, वेदनेची नोंद केली का, आणि दोन्ही फिल्ममध्ये मणक्यांचा कोन मुळात बदलला का? शेवटचा प्रश्न माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, कारण कोनच बदलला नसेल तर त्या फिल्मवरून स्थैर्याचा निष्कर्ष काढता येत नाही. तज्ज्ञाचे मत न्यायाधिकरणावर बंधनकारक नसते. आपली तपासणी वैद्यकीय मंडळाकडून करवून घ्यावी, असा अर्जही देता येतो. नवी फिल्म कोणत्या स्थितीत काढायची हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्यावे आणि तेव्हा मुद्दाम कमी वाकू नये.

उपचार केलेल्या रुग्णालयाकडे कागदपत्रांची लेखी मागणी करा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवीत.

सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात अपंगत्वाच्या टक्क्यांपेक्षा कमाईवर झालेला परिणाम पाहावा, असे सांगितले आहे. कोयता चालवणाऱ्याला दिवसभर वाकूनच काम करावे लागते, त्यामुळे हा मुद्दा आपल्या दाव्याचा कणा आहे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची आणि मागील हंगामांतील तोडणीची जी नोंद हाती असेल, ती पुढील तारखेपूर्वी वकिलांकडे द्यावी.