कारखान्यातील नेटवर्क केबल: आधी मार्ग पाहा, मग कॅटेगरी ठरवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आपल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात रॅपियर माग आणि डाइंगची यंत्रे कार्यालयाशी जोडायची आहेत, दोन शेडमधील अंतर सुमारे १४० मीटर आहे आणि विक्रेता सर्वत्र कॅट-७ (कॅटेगरी ७, म्हणजे तांब्याच्या नेटवर्क केबलची एक वरची दर्जाश्रेणी) घालण्याचा आग्रह धरतो आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते येथे कॅटेगरी हा शेवटचा प्रश्न आहे. उत्पादनाचे आकडे पाठवायला १०० मेगाबिटचा वेग भरपूर झाला, आणि कॅट-७ ला नेहमीचा आरजे-४५ कनेक्टर लावला की कॅट-६ए पेक्षा अधिक काही हाती लागत नाही.

१४० मीटरवर तांब्याची केबल चालणारच नाही, कारण तिची मर्यादा पॅच कॉर्ड (टोकांना उपकरणे जोडणाऱ्या छोट्या केबल) धरून १०० मीटर आहे. तेथे फायबरच (काचेच्या तंतूतून प्रकाशाने माहिती नेणारी केबल) घालावे. अंतर कमी असते तरी दोन इमारतींमध्ये मी फायबरच सुचवले असते, कारण दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असू शकतो आणि वळवाच्या विजांचा धक्का तांब्यातून थेट स्विचपर्यंत पोहोचतो. उंदरांच्या भीतीने पोलादी कवचाचे फायबर घेतले, तर ते कवच वीज वाहते हे विसरू नये. ते इमारतीत शिरतानाच अर्थ करावे, किंवा धातूविरहित फायबर एचडीपीई पाइपमधून न्यावे.

शेडच्या आत उष्णतेचा विचार फारसा कोणी करत नाही. पॅच कॉर्ड वगळून, कायमच्या बसवलेल्या केबलची ९० मीटरची मर्यादा २० अंश सेल्सिअसला धरलेली असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४० च्या वर जातो, पत्र्याखालच्या ट्रेमध्ये त्याहून अधिक. आणि साध्या, शिल्ड (तारांभोवतीचे धातूचे वेष्टन) नसलेल्या केबलची मर्यादा ६० अंशांना सुमारे ७५ मीटरवर येते. शिल्ड असलेल्या केबलमध्ये ही घट बरीच कमी असते. म्हणून ट्रे पत्र्यापासून खाली घ्यावा आणि लांबी चढउतारासह मोजावी.

डाइंगमधील पंप आणि पंखे व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणारे, विद्युत गोंगाट करणारे उपकरण) चालत असतील, तर शिल्डेड केबल आवश्यकच आहे. मात्र शिल्डचा उपयोग तो धातूच्या कनेक्टरला चहूबाजूंनी टेकला तरच होतो. फॉइल कापून त्याची शेपटी पिळून अर्थला जोडली, तर उच्च वारंवारतेचा गोंगाट आत शिरतोच. शिवाय मोटारींच्या केबलसाठी ट्रे वेगळा हवा, आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे.

मागाजवळ तेलाने साधे पीव्हीसी कालांतराने कडक होऊन तडकते, म्हणून तेथे पीयूआर (पॉलियुरेथेन) आवरण घ्यावे. कंपनात आरजे-४५ सैल पडतो. यंत्राच्या बाजूला शक्य असेल तर आयपी६७ दर्जाचा (धूळ-पाणी रोखणारा), आट्यांचा एम१२ कनेक्टर घ्यावा, १०० मेगाबिटसाठी डी-कोडेड आणि गिगाबिटसाठी एक्स-कोडेड. शेवटचा तुकडा बहुतारी असावा, एकतारी नव्हे. डाइंगमधील कॉस्टिक आणि वाफ आवरणाला सोसेल का, हे उत्पादकाकडून लेखी घ्यावे.

स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते. तार पात्याने खरवडावी. आत पांढरी निघाली तर ती बाजूला ठेवावी, विशेषतः कॅमेऱ्यांना त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर. काम झाल्यावर ठेकेदार केवळ दिवे लागणाऱ्या टेस्टरने तपासून मोकळा होऊ पाहील. त्यावर समाधान न मानता प्रत्येक लिंकचा सर्टिफायरवरील (केबल मानकात बसते का हे मोजणारे यंत्र) छापील अहवाल मागावा आणि ही अट ऑर्डरमध्येच लिहावी.