थंडी उतरताना द्राक्षबाग जपा: नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

या आठवड्यात बहुतेक फोन एकाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून आले. 'आर्क्टिकची लाट येतेय, निफाडला बर्फ पडणार.' पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं, "साहेब, शेकोट्या करू की पाणी सोडू?" चांदवडहून कांद्याचा प्रश्न आला, दिंडोरीहून गव्हाचा. सगळ्यांना एकदमच सांगतो.

आर्क्टिकचं वारं थेट आपल्यापर्यंत पोचत नाही, मध्ये हिमालय आडवा आहे. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, उत्तरेत पाऊस-बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडं, गार वारं आपल्याकडे उतरतं. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला, की रात्रभर जमिनीची ऊब निघून जाते आणि गार हवा पाण्यासारखी कादवा-गोदाकाठच्या सखल रानात साचते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा म्हणून तर एवढा खाली जातो.

आता पेपरात येणाऱ्या किमान तापमानाच्या आकड्याविषयी. पाच अंश वाचून निर्धास्त राहू नका. वेधशाळेचा तापमापक पेटीत, साधारण चार फुटांवर असतो. मी दोन साधे तापमापक वापरतो, एक वेलीच्या मांडवाला टांगतो आणि एक बोदावरच्या, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावरच्या, गवतात ठेवतो. पहाटे खालचा कमीच दाखवतो. पेपरात पाच असताना गवतावर दव गोठलेलं दिसतं, ते त्यामुळे.

तर शेकोटी की पाणी? दोन्ही, पण पाणी आधी. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं. ठिबक पहाटे तीन-चारच्या सुमारास थोडा वेळ चालवा. शेकोट्या करायच्या तर एक मोठा जाळ नको, बागेत ठिकठिकाणी लहान लहान करा आणि सूर्य वर येईपर्यंत विझू देऊ नका, कारण सगळ्यात गार वेळ उजाडतानाच असते. शेतपंपाला रात्री मिळणाऱ्या लाइटला आपण एरवी शिव्या घालतो, या दिवसांत ती कामी येते. फक्त बागेत एकटे जाऊ नका, उसातून बिबटे फिरताहेत.

हवामान खात्याच्या पत्रकात 'किमान तापमानात हळूहळू २ ते ३ अंशांनी वाढ' असं आलं की सगळे हुश्श करतात. मी मात्र तेव्हाच बागायतदारांच्या मागे लागतो. थंडीत मुळं सुस्तावतात, वेल पाणी कमी उचलते. ऊब आली की उचल एकदम वाढते आणि त्यातच कोणी 'थंडीत बाग मागे पडली' म्हणून भरपूर पाणी सोडतं. मण्यात पाणी उतरलेलं असेल, म्हणजे तो पिकताना मऊ पडू लागला असेल, तर आतला गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही, मणी तडकतो. एका बागेत सकाळी घड उचलून पाहिला, तर देठाजवळ नखाने ओरखडल्यासारखी बारीक चीर होती. दुपारपर्यंत त्यातून रस गळून माश्या बसल्या. म्हणून थंडीत पाणी तोडू नका आणि ऊब आल्यावर एकदम वाढवू नका. रोज थोडं, सारखं. बोदावर पाचटाचं आच्छादन असेल तर निम्मं काम झालं. वाढीसाठी फवारायच्या संजीवकाची घाईही नको, गारठ्यात वेल त्याला नीट प्रतिसाद देत नाही.

वारं पूर्वेकडून वळलं की बंगालच्या उपसागरावरचं बाष्प येतं, ढग येतात, रात्री उबदार होतात. तेव्हा भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी घड आतून तपासा. निर्यातीची बाग असेल तर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, मोजल्याशिवाय पंप खांद्यावर घेऊ नका.

चांदवडच्या ताईंचा प्रश्न होता, "कांदा थंडीने थांबलाय, युरिया देऊ का?" लागवडीला साठ दिवस होऊन गेले असतील तर मुळीच नको. उशिराच्या नत्राने जोडकांदे वाढतात, माना जाड होतात आणि कांदा टिकत नाही. लांबलेल्या थंडीने डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात ते वेगळं, त्यावर युरिया हे औषध नव्हे. ऊब वाढली की पात फाकवून बेचक्यात बघा, पिवळसर फुलकिडे तिथेच दडलेले असतात. ढगाळ राहिलं तर करपा रोगही येईल.

गव्हाची काळजी करू नका, त्याला ही थंडी मानवते, फुटवे वाढतात. उशिरा पेरलेल्यांनी मात्र फुलोऱ्यात आणि दाणा चिकात असताना पाण्याची पाळी चुकवू नये. तेव्हा ऊब लवकर वाढली तर दाणा बारीक राहतो.

गोठ्याला रात्री बारदानाचे पडदे लावा, वासरांखाली कोरडं पाचट टाका. पेटती शेगडी बंद खोलीत नेऊ नका, ना गोठ्यात ना घरात, धुराने जीव गुदमरतो.

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, 'मेघदूत' अ‍ॅपवरही दिसतो. किमान तापमानाच्या आकड्याबरोबर वाऱ्याची दिशा आणि ढगांचा रकानाही वाचत जा. पूर्वेचं वारं दिसलं की मला फोन करा, फवारणीचं तेव्हा बोलू.