पावसाळ्यात ग्रॅनोला सादळतो, काय करू?

प्रश्न : ताई, मी फोंड्याला राहते. मुलगा दर महिन्याला ग्रॅनोलाचं (ओट्स, सुकामेवा आणि बिया गोडासह भाजून केलेल्या नाश्त्याचं) महागडं पाकीट आणायचा, म्हणून घरीच करायचं ठरवलं. पहिल्यांदा खालून करपला, वर कच्चाच. दुसऱ्यांदा छान झाला, पण तिसऱ्या दिवशी सादळून चिवट. मी मध घालते, बेदाणे सुरुवातीलाच मिसळते आणि ओव्हनमधून काढला की लगेच बरणी भरते. शिवाय यजमानांची साखर काठावर आहे. त्यांना द्यावा का?

उत्तर : सादळण्याचं आधी बोलते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. गरम ग्रॅनोला बरणीत भरला की त्याची वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन परत खाली उतरते. मीही असंच एकदा, मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात, मोठी बरणी गरम असतानाच भरली होती. दुसऱ्या सकाळी चमचाभर घेतला तर दाताला चिकटला. तेव्हापासून ट्रे बाहेर काढायचाच नाही, असा माझा नेम आहे. ओव्हन बंद करायचा, दार बोटभर उघडं ठेवायचं आणि ग्रॅनोला आत पूर्ण गार होऊ द्यायचा. तासभर तरी लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर घरातली हवाच ओली, मग ओट्यावर गार करून कुरकुरीतपणा टिकणार कसा? ओव्हन बंद करताना तो थोडा मऊच वाटतो, म्हणून घाबरून जास्त भाजू नका. कुरकुरीतपणा गार होताना येतो.

दुसरं कारण मध. मधात फळसाखर जास्त, ती हवेतला ओलावा लगेच ओढते. पावसाळ्यात मध बाजूला ठेवा आणि गूळ वापरा. गूळही ओढतो, पण कमी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माडाचा काळा गूळ मिळतो. त्याची चव मला फार आवडते, भाजताना घरभर वास सुटतो. गूळ दोन चमचेच पाणी घेऊन त्यात विरघळवून गाळून घ्या, कारण त्यात कचरा असतो, आणि पाणी आटेपर्यंत उकळा.

माझं माप सांगते. 300 ग्रॅम जाडे ओट्स (झटपट शिजणारे नकोत, त्यांचा भुगा होतो), 100 ग्रॅम काजू, 50 ग्रॅम भोपळ्याच्या बिया, 30 ग्रॅम तीळ, 50 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, 60 ग्रॅम गूळ, 3 मोठे चमचे तेल, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि थोडी वेलची. काजू अख्खे घेऊ नका. पाकळी किंवा तुकडा स्वस्त पडतो आणि ग्रॅनोलात तोच बरा. ओलं खोबरं मात्र नको, त्यातला ओलावा निघत नाही आणि ते लवकर खवट होतं.

गूळ-तेल ओट्स, बिया आणि तीळ यांना चोळून लावा. ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा. तुमचा खालून करपला तो बहुधा खालच्या दांडीजवळ ठेवल्यामुळे. 150 अंशांवर 35 ते 40 मिनिटं आणि दर दहा-बारा मिनिटांनी हलवणं. काजू अर्ध्या वेळाने, खोबरं शेवटच्या दहा मिनिटांत, कारण दोन्ही लवकर लाल होतात. बेदाणे सगळं गार झाल्यावरच, तेही बरणीत न मिसळता वाटीत वाढताना घातलेले उत्तम. भाजले की दगड होतात आणि बरणीत राहिले की आपला ओलावा ओट्सना देतात. गठ्ठे हवे असतील तर एका अंड्याचा फेसलेला पांढरा बलक मिसळून ट्रेवर दाबून पसरा आणि शेवटी हलवू नका.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर करता येतो, पण तिथून हलायचं नाही. लहान बरण्यांत भरा. एकच मोठी रोज उघडली की ओली हवा आत शिरतेच. सादळला तर 150 अंशांवर आठ-दहा मिनिटं पुन्हा भाजा, जुना खमंगपणा परत येतो.

आता यजमानांचं. या मापाने सगळा मिळून साधारण 600 ग्रॅम होतो, म्हणजे 40 ग्रॅमच्या वाढणीत गूळ 4 ग्रॅम, चहाच्या एका चमच्याइतका. त्यांच्यासाठी तेवढीच वाढणी, वजनकाट्यावर मोजून, साध्या दह्याबरोबर. दूध-केळं घालून मोठा वाडगा भरून नव्हे. त्या 40 ग्रॅममध्येच साधारण 200 कॅलरी येतात, कारण काजू आणि तेल आहे. ओट्समधला विरघळणारा तंतू साखर हळूहळू चढायला मदत करतो, पण गूळ म्हणजे औषध नव्हे. रक्तात तो साखरेसारखाच उतरतो. ‘गुळाचा आहे, खाऊ दे’ हे वाक्य मी घरोघरी ऐकते आणि मला त्याची काळजी वाटते. डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मापातला गूळ 60 वरून 40 ग्रॅमवर आणता येतो का पाहा. मी आणलाय, चव जात नाही.

पाकीट आणलंच तर मागची घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेलं असतं. साखर, मध, ग्लुकोज सिरप अशी तिची तीन-चार नावं वेगवेगळ्या ओळींत असली तर ती एकत्र मोजा. 1863 मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स केलब जॅक्सन यांनी केलेला मूळ ‘ग्रॅन्युला’ गव्हाच्या पिठाचा आणि इतका कडक होता की रात्रभर दुधात भिजवावा लागे. आजचा गोडवा त्याला नंतर चिकटला.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या नातवाला ग्रॅनोला थोडा मऊ करून देऊ का? (एक आजी, डिचोली)

उत्तर : नको, आजी. एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. काजू-बियांचे तुकडे तर घशात अडकतात, पाच वर्षांपर्यंत ते अख्खे देऊच नयेत. त्याला नाचणीचं सत्त्व द्या, साखर-गूळ न घालता.